दोन खोल्यांमधला निरोप

१

फाइल शेवटी भूगोलबाईंच्या पिशवीत सापडली, आणि तीही त्यांच्याच हाताला लागली. निघताना घाम पुसायला रुमाल हवा म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला, तर रुमालाआधी वर आली ती आमच्या हिच्या टेबलावरून नाहीशी झालेली निळी फाइल. आम्ही घर डोक्यावर घेऊन शोधत होतो तीच. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण हा कळसा काखेत ठेवला कुणी, हाच तर प्रश्न होता.

"मी नाही घेतली," भूगोलबाई म्हणाल्या. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, पिशवी छातीशी घट्ट धरली आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या.

आधी आमची ओळख करून देतो. ही म्हणजे माझी बायको, वकील. फक्त नवरा-बायकोची प्रकरणं घेते. अर्ध्या घरात तिचं ऑफिस आणि उरलेल्या अर्ध्यात माझं शिलाई मशीन. मी कपडे शिवतो आणि ती लग्नं उसवते, असं शेजारी म्हणतात. तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं दुःख ती मान कलती करून ऐकते. माझं ऐकताना तिची मान कधी कलत नाही. त्यामुळे मला आलेल्या पुरुषांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. त्याला कुणी जळकेपणा म्हणत असेल तर म्हणो.

त्या सकाळी चार माणसं आली होती. पहिला चष्मेवाला. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिसायला देखणा, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक. "मॅडम, तुम्हाला गोल फ्रेम शोभेल," असं तो हिला पहिल्याच भेटीत म्हणाला होता, तेव्हापासून तो माझ्या काळ्या यादीत. दुसऱ्या भूगोलबाई, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, त्याची पहिली बायको. तिसरी त्याची आत्ताची बायको. तिला आम्ही घरात आपले धाकटी म्हणायचो. चौथे समेटकाका, म्हणजे त्यांच्या समाजाच्या समेट मंडळाचे अध्यक्ष.

आठ वर्षांपूर्वी काकांच्या मंडळाने चष्मेवाला आणि भूगोलबाई यांचा काडीमोड करून दिला होता. पंच बसले, दोघांच्या सह्या झाल्या, सामान वाटून झालं. वर्षभरात चष्मेवाल्याने धाकटीशी लग्न केलं. सगळं सुरळीत होतं. मग गेल्या महिन्यात चष्मेवाल्याचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि हॉस्पिटलने संमतीसाठी बायकोची सही मागितली. धाकटी पेन घेऊन उभी राहिली. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर मात्र जुन्या नोंदीत बायको म्हणून भूगोलबाईंचंच नाव होतं. हॉस्पिटलने त्यांना फोन केला. त्या शाळेतून तशाच आल्या, सही केली आणि परत तासाला गेल्या. धाकटी बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

त्यानंतर सगळे हिच्याकडे आले. हिने स्पष्टच सांगितलं की मंडळ तडजोड घडवू शकतं, सामान वाटू शकतं, पण लग्न मोडायचं काम कोर्टाचं. एखाद्या समाजाची फार जुनी रूढी असेल आणि ती कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. काकांचं मंडळ काकांनीच काढलेलं, त्याला रूढी कोण म्हणणार? कायद्याच्या लेखी भूगोलबाईच बायको होत्या. उपाय एकच, दोघांनी मिळून कोर्टात संमतीने अर्ज करायचा.

त्या सकाळी सह्या व्हायच्या होत्या. धाकटीला भूगोलबाईंच्या समोर बसायचं नव्हतं, म्हणून बाई माझ्या शिवणाच्या खोलीत आणि बाकीचे ऑफिसात. माझ्या खोलीत कापडांचा पसारा, त्यामुळे बाईंची पिशवी बोळातल्या खुंटीवर टांगलेली. बाई म्हणाल्या, चष्मा घरी राहिला, अर्ज वाचून दाखवा. हिने वाचून दाखवला. मग ऑफिसात येऊन तिने सगळ्यांना पुढचं सांगितलं. कोर्टाचे समुपदेशक दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवतील, वेगळे का झालात, कोण काय म्हणालं, सगळं विचारतील, आणि मगच अर्ज पुढे जाईल. एवढं सांगून ती चहा बघायला आत गेली. तेवढ्यात काका हात धुवायला उठले, चष्मेवाला फोन घ्यायला बोळात गेला आणि धाकटी पाणी प्यायला. चहा आला तेव्हा फाइल नव्हती.

संध्याकाळी चष्मेवाल्याचा फोन आला. संमती-बिंमती रद्द. बाईंच्या मनात खोट आहे, आता रीतसर भांडायचं, आणि चोरीही अर्जात घालायची. ही म्हणाली, आठवडाभर थांबा.

फोन ठेवून तिने फाइल पान-पान चाळली. "अहो, यातला एकही कागद असा नाही जो पुन्हा काढता येणार नाही," ती म्हणाली. "फाइल कुणाला नकोच होती. ती फक्त सापडायला हवी होती."

२

माझा संशय चष्मेवाल्यावर होता. का, ते हिने विचारलं. मी म्हटलं, चेहऱ्यावरून. ती हसली आणि म्हणाली की चेहऱ्यावरून पकडायचं तर आधी तुम्हालाच आत टाकावं लागेल. तरी दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटरवर मागे बसून मी सगळीकडे गेलो. ती एकटी त्या दुकानात जाणार आणि मी घरी काज करत बसणार, हे जमणारं नव्हतं.

आधी समेटकाका. मंडळाचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक अरुंद बोळ. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्याच होत्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. हिने शांतपणे विचारलं की हा अर्ज मंजूर झाला तर तुमच्या मंडळाने मोडलेली बाकीची लग्नंही कोर्टात जातील, नाही का? काकांच्या पोटात काय दुखत होतं ते मला कळलं. आजवर लोक त्यांच्या दाराशी यायचे, आता हिच्या दाराशी येणार. बाईमाणसाने आपलं गिऱ्हाईक पळवलं हे दुःख त्यांना चष्मेवाल्याच्या लग्नापेक्षा मोठं होतं.

मग हिने त्यांना मंडळाची पद्धत विचारली, आणि काका खुलले.

"समोरासमोर बसवलं की भांडी फुटतात," ते म्हणाले. "म्हणून नवरा या खोलीत, बायको त्या खोलीत. पंच इथे बोळात. दोन्हीकडचा निरोप एक जण इकडून तिकडे नेतो. शेवटी दोघं आपापल्या खोलीत सही करतात. इतकी वर्षं झाली, एक कप फुटलेला नाही."

"म्हणजे या दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही?"

"कशाला पाहायचं? मोडायचंच होतं ना."

निरोप कोण न्यायचं, हे हिने विचारलं. काका किल्ल्या चाचपायला लागले. होती एक मुलगी तेव्हा, म्हणाले, फार गुणी, लग्न होऊन गेली. आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला उठले. इतक्या घाईने त्यांनी कुणाला सोडलं असेल असं मला वाटत नाही.

३

चष्म्याच्या दुकानात चारी बाजूंनी आरसे. जिकडे बघावं तिकडे मी, आणि माझ्या शेजारी तो देखणा माणूस. देवाने अशी दुकानं काढू नयेत.

हिने त्याला मंडळाच्या दिवसाबद्दल विचारलं. तो एक काच पुसत राहिला. भांडण साधंच होतं, म्हणाला. बाईंना दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं होतं, आणि त्याने तोंड वाकडं केलं. महिनाभर अबोला. बाई मैत्रिणीकडे राहायला गेल्या. घरचे म्हणाले, मंडळात जा, समेट होईल.

"आणि झाला काडीमोड," ही म्हणाली.

"मी तडजोडीलाच गेलो होतो, मॅडम. पण तिचा निरोप आला. विझलेल्या चुलीवर आधण कशाला ठेवायचं, असं म्हणाली ती. त्यावर मी काय बोलणार?"

"तुमच्या बाई असंच बोलायच्या?"

त्याने काच खाली ठेवली. बाई कधी म्हणींत बोलत नसत, तो म्हणाला, सरळ बोलायच्या, फळ्यावर लिहिल्यासारखं. म्हणून तर ते जास्त लागलं. त्या दिवसांत धाकटीनेच आधार दिला, चहापाणी विचारलं. नाहीतर तो वेडा झाला असता.

मग त्याचा आवाज चढला. आठ वर्षांपूर्वी चूल विझली म्हणणारी बाई आता अर्ज चोरते, याचा अर्थ काय घ्यायचा? त्याला सुखाने राहू द्यायचं नाही, एवढाच. हे बोलताना तो रागावला होता, पण त्या रागात मला आणखी काहीतरी दिसलं. आपल्याला सोडून गेलेल्या माणसाला अजून आपण हवे आहोत की काय, या शंकेने पुरुष जरा ताठ बसतो. तसा तो बसला होता.

निघताना त्याने हिच्यासमोर गोल फ्रेम धरलीच. मी ती घेऊन स्वतःच्या डोळ्यांवर लावली आणि किंमत विचारली. ही रस्ताभर हसत होती.

४

धाकटीचं घर लखलखीत. खुर्च्यांवर ती बसू देईल की नाही अशी शंका यावी इतकं. मला ती मनातून आवडली, कारण ती माझ्याच जातकुळीतली निघाली. नवऱ्याच्या दुकानात कोण गिऱ्हाईक बाई किती वेळ बसते, हे तिला तोंडपाठ होतं.

हिने तिला आधीच सांगून टाकलं की तिच्यावर संशय घ्यायला जागा नाही. या अर्जाचा फायदा कुणाला असेल तर तिला एकटीला. अर्ज मंजूर झाला तरच ती बायको व्हायची. स्वतःच्या पानातलं कोण सांडेल?

धाकटीच्या जिवात जीव आला, आणि मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिला काय वाटलं ते तिने सांगितलं. सात वर्षं या माणसाची पथ्यं सांभाळली, आणि सही करायला दुसरी. वर नर्सने त्या बाईला खुर्ची दिली.

"आणि ती त्यांना अरे-तुरे करते," धाकटी म्हणाली. "सगळ्यांसमोर. 'घाबरू नकोस' म्हणाली. मी अजून अहो म्हणते."

"एकत्र शिकलेत ना ते दोघं," ही म्हणाली.

"मग काय झालं? ती बाई अजून विझलेल्या चुलीवर आधण ठेवून बसलीय, मॅडम. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. त्यांनी केलेला चष्मा अजून सोडवत नाही तिला. लाल दोऱ्याने दांडी बांधून वापरते, पण टाकत नाही. दुसरा घ्यायला पैसे नाहीत का मास्तरणीला?"

हिने मान कलती केली. मी म्हटलं, आली पाळी, आता हिलाही ही बाई आवडली. पण तिने नुसतं पाणी मागितलं, प्यायली आणि उठली. जिन्यात मला म्हणाली की आता फक्त भूगोलबाई राहिल्या, आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे.

५

शाळा सुटली होती. भूगोलबाई वर्गात नकाशे गुंडाळत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या की चोरीची बातमी शाळेपर्यंत आली आहे, मुख्याध्यापकांनी उद्या बोलावलं आहे. आवाज सरळ होता, पण एकाच नकाशाची दोरी त्यांनी तीनदा सोडून बांधली.

मंडळाच्या दिवसाबद्दल त्यांनीही तेच सांगितलं, फक्त उलट बाजूने. त्या खोलीत त्या तडजोडीलाच बसल्या होत्या. मग त्याचा निरोप आला.

"काय म्हणाला?" हिने विचारलं.

"म्हणाला, विझलेल्या चुलीवर आधण कशाला ठेवायचं." बाई जरा हसल्या. "आयुष्यात चुलीसमोर उभा राहिला नाही तो. मला वाटलं, रागाने माणसाची भाषासुद्धा बदलते."

फळ्यापाशी चाळा म्हणून उचललेला खडू माझ्या हातून खाली पडला. मी हिच्याकडे पाहिलं. तिने मला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

"बाई, त्या सकाळी चष्मा खरंच घरी राहिला होता?"

भूगोलबाई लाजल्या. मग त्यांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. वर चष्मेवाल्याच्या दुकानाचं नाव, जवळजवळ पुसलेलं. शाळेत त्या दुसरा चष्मा लावतात, हॉस्पिटलातही तोच होता. हा जुना, रात्री घरी वाचायचा. त्या सकाळी याची दांडी निखळली, घाईघाईने बांधली आणि सवयीने हाच पिशवीत टाकला. आमच्याकडे आल्यावर लक्षात आलं. त्याने केलेला चष्मा त्याच्याचसमोर लावून काडीमोडाचा अर्ज वाचायचा, यापेक्षा खोटं बोलणं बरं वाटलं.

"म्हणजे त्या दिवशी तो पिशवीतून बाहेर आलाच नाही?"

"नाही. म्हणून तर मी पिशवी उघडून दाखवली नाही. चोर ठरले तरी चालेल, पण हे दिसायला नको होतं."

त्यांनी घर उघडलं. चष्म्याची एक दांडी लाल दोऱ्याने बांधलेली होती.

६

त्या रविवारी हिने चौघांना पुन्हा बोलावलं. चष्मेवाल्याला ऑफिसात बसवलं आणि भूगोलबाईंना माझ्या खोलीत. काका आणि धाकटीला बोळात खुर्च्या दिल्या. काका खूश झाले, त्यांना वाटलं मॅडम शेवटी आपल्या पद्धतीवर आल्या.

आमच्या दोन खोल्यांच्या मधे एक दार आहे. माझं कापडाचं कपाट त्याच्यापुढे उभं असल्यामुळे ते लग्नापासून उघडलेलं नाही. हिने मला कपाट सरकवायला सांगितलं. मी कुरकुरत सरकवलं. तिने कडी काढली आणि दार ढकललं. चष्मेवाला आणि भूगोलबाई समोरासमोर आले.

"आता दोघांनी एकेक गोष्ट सांगा," ही म्हणाली. "मंडळात तुम्हाला काय निरोप आला ते नाही. तुम्ही काय पाठवला ते."

चष्मेवाला आधी बोलला. "मी म्हटलं होतं, तिला विचारा, मी माफी मागितली तर येईल का. शाळाही घे म्हणावं, मी येऊन-जाऊन राहीन."

भूगोलबाईंनी खुर्चीचा हात धरला. "मी म्हटलं होतं, त्याला सांगा, स्वतः न्यायला ये, एवढंच. शाळा नको म्हणून कळवते."

मग हिने दोघांना विचारलं की निरोप आणत कोण होतं. दोघांनी एकदमच बोळाकडे पाहिलं.

काका उठून उभे राहिले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी शपथ घेतली. मुलगी गुणी होती, शब्द इकडचा तिकडे करणारी नव्हती. पुढे तिने चष्मेवाल्याशीच लग्न केलं तेव्हा लोक मंडळाला नावं ठेवतील, म्हणून ते फक्त गप्प राहिले होते. त्यांच्यावर माझा विश्वास बसला. त्यांचा दोष एवढाच की दोन माणसांच्या मधे त्यांनी तिसरं माणूस ठेवलं आणि त्या माणसालाही मन असतं हे विसरले.

"म्हणी काय, कुणीही बोलतं," धाकटी म्हणाली. "म्हणीवरून चोर ठरवणार?"

"नाही," ही म्हणाली. "चष्म्यावरून. लाल दोरा त्याच सकाळी बांधला होता आणि चष्मा दिवसभर पिशवीतल्या घरात होता. फाइल तर पिशवीच्या तोंडाशी ठेवूनही काम झालं असतं. पण आत नवऱ्याच्या दुकानाचं नाव दिसलं, आणि ते घर उघडल्याशिवाय तुला राहवलं नाही."

चष्मेवाल्याला अजून उमगत नव्हतं. हा अर्ज तर तिच्यासाठीच होता, मग तिने तो का बिघडवावा?

"अर्ज तिला हवाच होता," ही म्हणाली. "फक्त संमतीचा नको होता. संमती म्हटली की समुपदेशक तुम्हाला एका खोलीत बसवणार आणि विचारणार, कोण काय म्हणालं. भांडणाचा खटला झाला असता तर, तिच्या हिशोबाने, तुम्ही एकमेकांकडे बघितलंही नसतं, बोलणारे वकील. पुन्हा दोन खोल्या. घटस्फोट मिळाला असता, आणि ते निरोप गाडलेलेच राहिले असते."

मग धाकटी बोलली. ओरडली नाही.

"मी दिवसभर दोन्ही खोल्यांत ये-जा करत होते. इकडे हे विचारायचे, तिला सर्दी झालीय का, आवाज बसल्यासारखा वाटतो. तिकडे ती विचारायची, तो जेवलाय का. चहा मी देत होते. पाय माझे दुखत होते. एकदाही कुणी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, इतकं असूनही यांना मधला बोळ ओलांडवत नाही, मग मोडू दे की. मला यातलं थोडं मिळालं असतं तरी मी जन्मभर सांभाळलं असतं." ती भूगोलबाईंकडे वळली. "सांभाळलं मी. विचारा त्यांना."

खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. तिने केलं ते वाईटच. पण माझी बायको परक्या माणसाकडे मान कलती करून बघते तेव्हा मला काय होतं, ते मला माहीत आहे.

७

चष्मेवाला उठून दारापाशी गेला. त्याला अर्ज फाडायचा होता, असं मला वाटतं. पण त्याने तसं केलं नाही. भूगोलबाईंसमोर तो शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला आणि त्याने विचारलं, "तुला हवंय का हे?"

बाईंनी पिशवीतून तो चष्मा काढला, सगळ्यांसमोर लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचला.

"तेव्हा विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "मधल्या काळात मी तुझ्याशिवाय राहायला शिकले रे. ते आता मला विसरायचं नाहीये. आज तू स्वतः विचारलंस, म्हणून सांगते. हो."

त्यांनी सही केली. चष्मेवाल्यानेही केली. मग त्याने हात पुढे केला, आणि बाईंनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. त्याने खिशातून बारीक पेचकस काढला, लाल दोरा सोडला, स्क्रू बसवला, काचा रुमालाने पुसल्या आणि चष्मा परत दिला. धाकटी बोळातून ते सगळं बघत होती. तो दोरा त्याने खिशात ठेवला, तेही तिने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ही स्वतः शाळेत गेली, मुख्याध्यापकांना चोरीचं खरं सांगून आली. समुपदेशकांसमोर दोघं नीट बोलले, आणि यथावकाश कोर्टाने निकाल दिला. निकालाची प्रत घ्यायला चष्मेवाला आणि धाकटी आमच्याकडे आले, पण वेगवेगळे. तो ऑफिसात बसला. ती माझ्या खोलीत, मशीनसमोरच्या स्टुलावर.

हिने तिला समजावून सांगितलं, आणि या वेळी मान खरोखरच कलती होती. निकालाने पहिलं लग्न आजपासून संपलं. पण पहिलं उभं असताना झालेलं दुसरं लग्न कायद्याने लग्नच नव्हतं, आणि आजचा निकाल मागे जाऊन ते जोडून देत नाही. आता चष्मेवाला मोकळा आहे, सगळ्यांपासूनच. बायको व्हायचं असेल तर दोघांनी नव्याने नोंदणी करायची, आणि त्याला दोघांची संमती लागते. एवढं सांगून ही स्वयंपाकघरात निघून गेली.

मी एका विजारीला पट्टी लावत होतो.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जरा त्यांना विचाराल का? नोंदणीचं. मी विचारलं म्हणून सांगू नका. आपलं सहज."

दार उघडंच होतं. कपाट मी परत लावलं नव्हतं. हिने लावू दिलं नव्हतं.

"वहिनी, मी शिवणकाम करतो," मी म्हटलं. "निरोप नेत नाही."

ती रागावली नाही. उठली, पदर सारखा केला आणि दारातून पलीकडे गेली. तो मान वर करून बघतो की नाही, ते मला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. तिचा आवाज आला, "अहो, एक विचारायचं होतं."

मी जन्मभर दारांना कान लावत आलेला माणूस. त्या दिवशी मात्र मी मशीन सुरू केलं आणि पाय थांबवला नाही. पट्टी संपली तरी नुसत्या कापडावर सुई चालवत राहिलो. शेवटी बॉबिनमधला दोरा संपला आणि मशीन आपोआप गप्प झालं.

पलीकडे त्याने अजून उत्तर दिलं नव्हतं.